अडीच घरांची झेप

(शहादा येथे शिक्षक, पंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



दरवर्षी दत्तजयंतीच्या सुमारास आपल्या तालुक्यातील सारंगखेडा येथे तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो. दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात आणि त्यांच्या पाठोपाठ जाणकारही येतात. हा जाणकार घोड्याचे दात पाहतो, खूर पाहतो आणि शेवटी त्याला चालवून पाहतो. चाल पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. आज मी आपणापुढे अशाच एका घोड्याची चाल मांडणार आहे. हा घोडा लाकडाचा आहे, एका वेळी तो अडीच घरेच चालतो, आणि ज्या डावात त्याने ही झेप घेतली त्या डावाला आता जवळजवळ सत्तर वर्षे झाली. ज्या गावाच्या नावाचा आरंभच ‘शह’ या अक्षरांनी होतो, त्या गावात बुद्धिबळावर बोलण्यास माझ्यासारख्या कला शाखेच्या साध्या पदवीधरालाही थोडे धाडस आले, तर आपण मला क्षमा कराल.

हा विषय मी का निवडला, ते प्रथम सांगतो. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जिया देशातील बातुमी या शहरात नागपूरची दिव्या देशमुख ही १९ वर्षांची मुलगी महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेत विजयी झाली. हा चषक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला होय. अंतिम फेरीत तिच्यासमोर ३८ वर्षांच्या कोनेरू हम्पी होत्या. भारतीय महिलांमध्ये ग्रँडमास्टर हा किताब सर्वप्रथम, २००२ साली, मिळविणाऱ्या त्या याच खेळाडू. दोघींचे संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत सुटला, आणि दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या दिव्याने बाजी मारली. त्या विजयाने तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर आणि महिलांपैकी चौथी. डाव संपल्यावर आईच्या मिठीत रडणाऱ्या त्या मुलीचे छायाचित्र घरोघरी पाहिले गेले.

या बातमीनंतर आपल्याकडील अनेक शाळांत बुद्धिबळाची चर्चा सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चर्चा आणि खेळ यांत अंतर असते. माझ्या दौऱ्यात एका शाळेत मी सहज विचारले, “आपल्याकडे बुद्धिबळाचा पट आहे का?” शिक्षकांनी मोठ्या अभिमानाने कपाट उघडले. पट होता आणि सोंगट्याही होत्या. पाकिटाचा कागददेखील फाटलेला नव्हता. जडसंग्रह नोंदवहीत त्याचा क्रमांक होता आणि तो पट त्या क्रमांकासह सुखरूप होता. “मुलांच्या हाती दिला की सोंगट्या हरवतात, आणि तपासणीच्या वेळी उत्तर आम्हाला द्यावे लागते,” असे ते गुरुजी म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या दिवसापासून मात्र एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. एक प्यादे हरवू नये म्हणून आपण किती मुले कपाटाबाहेर उभी ठेवीत आहोत? आज मी मांडणार आहे तो डाव या प्रश्नाशी संबंधित आहे.

पटावरील दोन तरुण

१७ ऑक्टोबर १९५६ हा दिवस, आणि स्थळ न्यूयॉर्कमधील मार्शल बुद्धिबळ मंडळ. रोझेनवाल्ड स्मृती स्पर्धेत अमेरिकेतील निवडक बारा खेळाडू उतरले होते. त्यांत एक मुलगा होता तेरा वर्षांचा, बॉबी फिशर. त्याच वर्षी त्याने अमेरिकेचे कुमार अजिंक्यपद मिळविले होते, म्हणून त्याला येथे प्रवेश मिळाला होता. त्या दिवशी त्याच्यासमोर होते डोनाल्ड बर्न. वय वर्षे सव्वीस. १९५३ साली अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकलेले आणि हल्लेखोर खेळाबद्दल नावाजलेले. पांढरी मोहरी बर्न यांची, काळी फिशरची. तेव्हा एक तरुण आणि एक कुमार असा हा सामना होता.

डाव समजण्यासाठी पटाचा पत्ता सांगावा लागतो. पांढऱ्या बाजूने पाहता डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत. आडव्या ओळी पांढऱ्याकडून मोजत एक ते आठ. गावात गल्लीचे नाव आणि घरक्रमांक सांगावा तसे हे आहे. पांढऱ्याचा राजा आरंभी ई-१ वर असतो, काळ्याचा ई-८ वर. सोंगट्यांची ढोबळ किंमतही लक्षात असू द्यावी : प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९. राजाला किंमत नाही, कारण तो गेला की हिशेबच संपतो.

आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी देशी पद्धतीचा खेळ खेळलेला असेल. त्यात राजाला शह लागलेला नसेल तर एकदाच घोड्यासारखी अडीच घरे उडी मारण्याची मुभा असे. आंतरराष्ट्रीय नियमांत त्या जागी किल्लेकोट आला. राजा दोन घरे बाजूला सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येऊन उभा राहतो. हेतू एकच, राजाला पटाच्या मध्यातून हलवून सुरक्षित जागी नेणे. आजच्या डावाचे मर्म या एका गोष्टीत आहे. फिशरने चौथ्याच चालीत किल्लेकोट केला. बर्न यांना तो अखेरपर्यंत करता आला नाही.

पाहुणा वजीर आणि घरचा राजा

पहिल्या दहा चालींत बर्न यांनी पटाच्या मध्यावर डी-४ आणि ई-४ अशी दोन प्यादी भक्कम उभी केली. दिसायला ही स्थिती भारदस्त होती. त्यांचा वजीरही लवकर बाहेर पडून सी-५ पर्यंत गेला होता. परंतु घरात काय चालले होते? एफ-१ वरचा उंट जागचा हललेला नव्हता, एच-१ वरचा हत्ती कोपऱ्यात होता आणि राजा ई-१ वर मध्यभागी उघडा उभा होता. कर्ता पुरुष परगावी बाजार गाजवीत आहे आणि घराच्या दाराला कडी नाही, अशी ही अवस्था.

अकराव्या चालीला बर्न यांनी एफ-४ वरील उंट उचलून जी-५ वर नेला. एकदा बाहेर काढलेली सोंगटी त्यांनी पुन्हा हलविली. घरातला उंट ई-२ वर आणून पुढच्या चालीला किल्लेकोट करणे हे त्या वेळचे खरे कर्तव्य होते. चूक केवळ एका चालीची होती. आपल्या कामातही आपण हे पाहतो. पेरणीची वाफ एकदा गेली की पुढे कितीही बी टाकले तरी ते उगवत नाही.

याच क्षणी त्या मुलाने आपला बी-६ वरील घोडा ए-४ वर, पटाच्या अगदी काठावर नेऊन ठेवला. घोडा काठावर नेऊ नये, तेथे त्याची ताकद निम्मी होते, असे आपण मुलांना शिकवितो आणि ते योग्यच आहे. शिवाय या ठिकाणी पांढऱ्याचा सी-३ वरील घोडा त्याला सरळ मारू शकत होता. पाहणाऱ्याला वाटावे की पोराने सोंगटी फुकट घालविली.

पण हिशेब करून पाहू. समजा, पांढऱ्याने तो घोडा मारला. मग काळ्याचा दुसरा घोडा एफ-६ वरून उडी घेऊन ई-४ वरील प्यादे मारतो. तेथून तो एकाच वेळी सी-५ वरच्या वजिरावर आणि जी-५ वरच्या उंटावर नजर ठेवतो. पांढऱ्याचा सी-३ वरचा घोडा हा ई-४ चा पहारेकरी होता. तो ए-४ वरचे सावज टिपायला गेला आणि पहारा उठला. शिवाय ई पट्टी मोकळी होते, आणि त्या पट्टीच्या टोकाला पांढरा राजा आहे. बर्न यांनी हे ओळखले. त्यांनी घोडा मारला नाही, वजीर ए-३ वर मागे घेतला. बक्षीस म्हणून पुढे केलेली सोंगटी नाकारण्याइतके ते जाणते होते.

फिशरने सी-३ वरील घोडा मारला, पांढऱ्या प्याद्याने परत मारले, आणि आता दुसऱ्या घोड्याने खरोखरच ई-४ वरील प्यादे टिपले. बर्न यांच्या उंटाने ई-७ वरील प्यादे घेऊन वजिरावर हल्ला केला, तेव्हा काळा वजीर बी-६ वर सरकला. मागे एफ-८ वरचा हत्ती उंटाच्या तोंडात तसाच राहिला. बर्न यांनी तोही घेतला नाही. त्यांनी दुसरा उंट सी-४ वर काढला. आता एकच चाल मिळाली असती तर किल्लेकोट होऊन राजा घरात गेला असता. ती एक चाल त्यांना पुढे कधीच मिळाली नाही. फिशरच्या घोड्याने सी-३ वरचे प्यादे मारले. त्या घोड्याला पांढरा वजीर मारू शकत होता. परंतु तसे केले असते तर काळा हत्ती ई-८ वर येऊन ई-७ वरच्या उंटाला राजासमोर जागच्या जागी खिळवून टाकणार होता.

सतरावी चाल

सोळाव्या चालीला बर्न यांनी आपला उंट ई-७ वरून सी-५ वर घेतला. ही चाल सुंदर होती. उंटाचा मारा काळ्या वजिरावर, आणि ए-३ वरच्या पांढऱ्या वजिराचा मारा सी-३ वरच्या घोड्यावर. दोन्ही एकदम वाचविणे शक्य नाही, असे कोणालाही वाटावे. फिशरने प्रथम हत्ती ई-८ वर आणून राजाला शह दिला. राजा एफ-१ वर सरकला आणि किल्लेकोटाचा हक्क कायमचा गेला. आता वजीर वाचविण्याची वेळ होती.

त्या मुलाने वजिराला हातच लावला नाही. त्याने आपला जी-४ वरचा उंट ई-६ वर मागे आणला आणि सी-४ वरील पांढऱ्या उंटासमोर उभा केला. पटावरील सर्वांत मोलाची सोंगटी त्याने मारासाठी उघडी ठेवली.

येथे मी क्षणभर थांबतो. वर्गात एखाद्या मुलाने अशी चाल केली तर आपण काय करू? माझ्यासकट बहुतेकजण चटकन म्हणू, “अरे, वजीर जातोय! डोळे आहेत की नाहीत?” आणि मुलगा ओशाळून चाल परत घेईल. बर्न यांच्याजागी आपण असतो तर हरलो असतो, यात लाज नाही. परंतु फिशरच्या मागे उभे असतो तर त्याला जिंकू दिले नसते, हा विचार मला अस्वस्थ करतो.

आता त्या चालीचा हिशेब. समजा, पांढऱ्याने ई-६ वरचा उंट मारला. मग काळा वजीर बी-५ वर जाऊन शह देतो. राजा जी-१ वर जातो. घोडा ई-२ वर येऊन शह देतो, राजा परत एफ-१ वर. आता घोडा ई-२ वरून जी-३ वर उडतो आणि एकाच वेळी दोन शह लागतात, एक घोड्याचा, दुसरा त्याच्या मागे उघड्या पडलेल्या वजिराचा. राजा पुन्हा जी-१ वर. मग काळा वजीर सरळ एफ-१ वर जाऊन बळी जातो. डी-१ वरच्या पांढऱ्या हत्तीला त्याला मारणे भाग पडते, आणि घोडा ई-२ वर येऊन मात करतो. राजाच्या चारी बाजूंना त्याचीच माणसे, त्यांतून हलायला जागा नाही, आणि घोडा उडी मारून शह देणारा असल्याने मध्ये आडवे येणेही अशक्य. जाणकार याला कोंडीची मात म्हणतील. राजाला त्याच्या दरबारानेच कोंडलेले असते.

बर्न यांनी हे सर्व पाहिले आणि उंट न मारता बी-६ वरचा वजीर मारला. तेव्हा काळ्या उंटाने सी-४ वरचा उंट घेऊन शह दिला. राजा जी-१ वर गेला आणि मग एक विलक्षण गंमत सुरू झाली. सी-३ वरचा घोडा ई-२ वर गेला, शह. राजा एफ-१ वर. घोडा डी-४ वरचे प्यादे घेऊन बाजूला झाला, मागच्या उंटाचा शह. राजा जी-१ वर. घोडा पुन्हा ई-२ वर, पुन्हा शह. राजा एफ-१ वर. घोडा सी-३ वर, पुन्हा उंटाचा शह. मोटेवरचे बैल धावेवर जसे पुढे आणि मागे जातात, तसा राजा दोन घरांत येजा करीत राहिला आणि दरम्यान काळ्याने एक प्यादे पदरात पाडून घेतले. नंतर ए-७ वरच्या साध्या प्याद्याने बी-६ वरचा उंट मारला. त्याच चालीने ए पट्टी उघडली आणि मागच्या हत्तीचा मारा ए-३ वरच्या पांढऱ्या वजिरावर आला. वजीर बी-४ वर पळाला. हत्ती ए-४ वर येऊन पुन्हा त्याच्यावर चालून गेला. तेथे हत्तीच्या पाठीशी सी-३ वरचा घोडा उभा होता. पुढच्याच चालीला त्याच घोड्याने डी-१ वरचा हत्तीही घेतला.

आता जमाखर्च मांडू. खर्चाच्या बाजूला एक वजीर, ९. जमेच्या बाजूला एक हत्ती आणि दोन उंट, म्हणजे ११, वर प्यादे. वजिराचे दान अविचारी नव्हते, हे या आकड्यांवरून दिसेल. हल्ला म्हणजे डोळे मिटून घेतलेली उडी, असा गैरसमज मुलांत फार असतो. खरा हल्ला हा हिशेबाचा भाग आहे. फक्त तो हिशेब समोरच्यापेक्षा दोन पावले पुढपर्यंत केलेला असतो.

पुढील चाली मी थोडक्यात सांगतो. काळ्याचा हत्ती, दोन उंट आणि घोडा एकमेकांना धरून चालले. त्यांच्यापैकी कोणीही एकटा फार मोठा नव्हता. पांढऱ्याचा एकटा वजीर बलाढ्य होता, पण त्याला साथ नव्हती. एक्केचाळिसाव्या चालीला काळा हत्ती सी-२ वर आला आणि सी-१ वरच्या राजाला मात झाली. त्या वेळी पांढरा वजीर कोठे होता? दूर बी-८ वर, पटाच्या दुसऱ्या टोकाला, धडधाकट उभा. पंचायतीत बसणाऱ्या आपणा सर्वांना या चित्राचा अर्थ मी उलगडून सांगावा असे नाही.

हरलेल्या माणसाची चाल

या डावाला हान्स क्मोख या समीक्षकाने ‘शतकाचा डाव’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले. मला मात्र या डावातील आणखी एक चाल सांगावयाची आहे. ती पटावरच्या नोंदीत मिळत नाही.

बुद्धिबळात डाव हरला असे दिसताच राजीनामा देण्याची रीत आहे. मोठे खेळाडू मात होईपर्यंत खेळत नाहीत, तसे करणे कमीपणाचे मानले जाते. बर्न यांनाही आपला डाव गेला हे बरेच आधी कळले होते. तरी त्यांनी राजीनामा दिला नाही. या मुलाने जे घडविले आहे त्याला साजेसा शेवट मिळावा, त्याला मात करू द्यावी, असे त्यांच्या मनात आले आणि स्पर्धेतील इतर खेळाडूंशी बोलून त्यांनी तसे केले, अशी नोंद आहे. आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलासमोर शेवटच्या चालीपर्यंत बसून राहणे आणि आपला पराभव त्याच्या कौतुकासाठी पटावर ठेवून देणे, याला मोठे मन लागते. हेच बर्न पुढे विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि १९७६ साली निधन होईपर्यंत शिकवीत राहिले. शिक्षक बंधूंनो, तो आपला माणूस होता.

आणि विजेत्याचे काय झाले? त्या स्पर्धेतही फिशर पहिला आला नाही, खालच्या अर्ध्यात राहिला. एक अलौकिक डाव म्हणजे संपूर्ण तयारी नव्हे, हे त्यावरून कळते. पुढे चौदाव्या वर्षी तो अमेरिकेचा अजिंक्यवीर झाला, सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली, आणि १९७२ साली आइसलँडमधील रेक्याविक येथे बोरिस स्पास्की यांना हरवून जगज्जेता झाला. १९७५ साली अटींच्या वादावरून त्याने जगज्जेतेपदाची लढत खेळण्याचे नाकारले, किताब गमावला, आणि नंतरची अनेक वर्षे तो लोकांपासून तुटून राहिला. २००८ साली आइसलँडमध्येच त्याचा अंत झाला. ज्याने चारी सोंगट्या एकमेकींच्या आधाराने चालविल्या, त्याच्या स्वतःच्या भोवती मात तसा आधार उरला नव्हता. प्रतिभा मुलाजवळ असू शकते. तिच्याभोवतीचा किल्लेकोट मोठ्या माणसांनी करावा लागतो.

आपल्या मातीतील दाखले

असा किल्लेकोट महाराष्ट्रात अनेकांनी केला आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारा पिढ्यानपिढ्या मुलामुलींना पटाशी बसविले. तेथे घडलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांना १९८७ साली पद्मश्री मिळाली. सांगली हे काही मुंबई-पुण्यासारखे महानगर नव्हे. तेथे होता एक माणूस, जो रोज दार उघडीत असे.

मुंबईच्या खाडिलकर भगिनींचे उदाहरण याहून बोलके आहे. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनीही पुढे तो मान मिळविला. १९७६ साली, फिशर ज्या वयात शतकाचा डाव खेळला त्याच तेराव्या वर्षी, रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे की नाही यावर मोठे वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष माक्स यूवे यांना स्पष्ट सांगावे लागले की अशा स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. बातुमी येथे दिव्याने जो चषक उचलला, त्याच्या वाटेवरचा एक दगड त्या तेरा वर्षांच्या मुलीने बाजूला केलेला आहे.

आपल्या शेजारच्या नाशिकचे विदित गुजराथी यांनी २०२३ साली आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली. २०२४ साली बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्ये भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळविले. पुरुष संघात विदित होते, महिला संघात दिव्या होती, आणि महिला संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. दिव्याने तर तिसऱ्या पटावरील वैयक्तिक सुवर्णपदकही आणले. नागपूर, नाशिक, पुणे, सांगली ही नावे नकाशावर आहेत. या नकाशात गोमाई आणि तापीच्या काठचे, सातपुड्याच्या पायथ्याचे एखादे गाव का असू नये?

कपाटाची किल्ली

मित्रहो, यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. या खेळाला मैदान लागत नाही, गणवेश लागत नाही, पाऊस आडवा येत नाही. आश्रमशाळेच्या ओसरीत संध्याकाळच्या वेळी दोन मुले समोरासमोर बसली की खेळ सुरू होतो. घरी मुले भिलोरी बोलोत, पावरी बोलोत, अहिराणी बोलोत वा गुजर, पटावरची भाषा सर्वांना एकच आहे. मराठीच्या पुस्तकापुढे अडखळणारे एखादे मूल येथे वर्गाच्या पुढे जाताना आपल्याला दिसेल, आणि त्याला स्वतःलाही ते दिसेल.

शिक्षकांना माझी पहिली विनंती अशी की कपाट उघडा. सोंगटी हरवली तर तिच्या जागी चिंचोका ठेवा, शर्टाचे बटण ठेवा. चिंचोक्याचा घोडाही अडीच घरेच चालतो. अधिकारी बंधूंना विनंती अशी की तपासणीच्या वेळी न वापरलेला नवा कोरा पट दिसला तर त्याबद्दल विचारणा करा, आणि झिजलेला, चार सोंगट्या कमी असलेला पट दिसला तर शाबासकी द्या. सरपंच मंडळींना विनंती अशी की ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा समाजमंदिरात दोन पट ठेवा, आणि त्यांतला एक मुलींसाठी राखून ठेवा. मुलांची गर्दी झाली की मुली आपोआप मागे सरतात, हे आपण सर्वजण जाणतो.

दुसरी विनंती अधिक अवघड आहे. मुलाने धाडसाची चाल केली की लगेच “चूक” म्हणू नका. “का केलीस?” असे विचारा. त्याच्याजवळ हिशेब असेल तर तो ऐका. नसेल तर डाव पुढे खेळू द्या, पटच त्याला उत्तर देईल. आणि एखाद्या दिवशी त्याने आपल्याला हरविले, तर डाव गुंडाळू नका. बर्न यांच्यासारखे शेवटच्या चालीपर्यंत बसा आणि त्याला मात करू द्या. गुरुजींना मात केली हे ते मूल जन्मभर विसरणार नाही. गुरुजी हसले, हेही विसरणार नाही.

ज्या शाळेतील कपाटाची हकीकत मी आरंभी सांगितली, तेथे मी पुन्हा गेलो होतो. पट बाहेर आला होता. एक काळा घोडा नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी मुलांनी मातीचा घोडा करून उन्हात वाळवून ठेवला होता. तो जरा ओबडधोबड होता, एक कान मोडका होता. “नोंदवहीत याची नोंद कशी करू?” असे त्या गुरुजींनी मला विचारले. मी म्हटले, “आवक या सदरात करा.”